आधीच्या मालकांची खताची टाकी : पुण्यातल्या एका परसबागेतलं प्रकरण

कोथरूडच्या जुन्या भागातला हा बंगला घेण्याआधी आम्ही चारदा येऊन पाहिला होता. भिंतींना ओल आहे का, वायरिंग किती जुनं, कागदपत्रं स्वच्छ आहेत का, सगळं तपासलं. मागच्या अंगणात मात्र कमरेएवढं गाजरगवत माजलं होतं, म्हणून तिकडे कुणी गेलंच नाही. जानेवारीत ताबा मिळाल्यावर ते काढायला माळीदादा आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी हाक मारली, "ताई, हिकडं या जरा. खताची टाकी हाय बघा, चांगली मोठी. पार भरलीया."

गवताआड खत करायची तीन साधनं निघाली. पहिली विटांची टाकी : सहा फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच. मधोमध विटांत फटी ठेवून बांधलेली भिंत, त्यामुळे दोन कप्पे झालेले. चारही बाजूंनी वीतभर रुंदीची चर होती. गांडूळखताच्या टाकीला मुंग्या लागू नयेत म्हणून अशा चरीत पाणी भरून ठेवतात. वर सिमेंटचा पत्रा होता, तो मधोमध तडकलेला. एका कोपऱ्यातून उंबराचं हातभर रोप वर आलेलं आणि त्या कोपऱ्याच्या विटा सुटलेल्या. दुसरा, बाजूंना भोकं पाडलेला निळा प्लास्टिकचा ड्रम. तिसरी, एकावर एक बसणाऱ्या, भोकं पाडलेल्या मातीच्या तीन कुंड्या.

त्याच रात्री घरात दोन मतं पडली. नवऱ्याचं म्हणणं, हे सगळं टेम्पोत भरून द्यावं आणि तिथे फरशी करून घ्यावी. सासूबाईंचं म्हणणं बरोबर उलटं : "चार वर्षं मुरलेलं खत आहे, सोनं आहे ते. उद्याच गुलाबांना घाला." मला दोन्ही गोष्टींची घाई नको होती. आयत्या मिळालेल्या खतसाधनाला सगळ्यांत आधी एकच प्रश्न विचारायला हवा : हे बंद का पडलं? हौसेनं बांधलेली, वर्षानुवर्षं चालवलेली गोष्ट माणूस उगाच सोडत नाही. ते कारण सापडल्याशिवाय आपण पुन्हा सुरू केलं, तर सहा महिन्यांत आपणही तिथेच येऊन थांबणार.

पुण्यात अशा टाक्या पुष्कळ आहेत. सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प घरात असेल तर महापालिका मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते, आणि प्रकल्प चालू असला पाहिजे अशी अट आहे. त्यामुळे काही टाक्या सवलतीसाठी बांधल्या जातात आणि कोरड्याच राहतात. ही तशी नव्हती. तिच्या काठावर घमेलं टेकवून टेकवून सिमेंट गुळगुळीत झालं होतं.

उघडण्याआधी

पत्र्यापाशी मी माळीदादांना थांबवलं. ते कुदळीनं पत्रा फोडून बाजूला करणार होते. जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात. अखंड असताना त्रास नाही, पण फोडला, कापला की त्याचे न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. आम्ही पत्र्यावर झारीनं पाणी मारलं, तोंडाला मास्क लावला आणि तडकलेले दोन्ही भाग तसेच उचलून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळले. कडेला पडलेले कपचे ओले करून हातानं वेचले, झाडूनं लोटले नाहीत. जुन्या टाकीवर असा पत्रा दिसला तर खताचा विचार नंतर, आधी हे.

दुसरी खबरदारी आतल्या मालाची. वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं खत खणलं की धूळ उडते आणि त्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात. दमा असलेल्या माणसानं तिथे उभंही राहू नये. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी शिंपडून ठेवलं. सकाळी गमबूट, चामड्याचे हातमोजे आणि लांब दांड्याचं फावडं. हात कुठेही सरळ घालायचा नाही, हा नियम. तो पाळला हे बरंच झालं, कारण डाव्या कप्प्यात विटांच्या फटीत सापाची जुनी कात होती. खताच्या उबदार ढिगात दिवड, धामण अंडी घालतात आणि अशा फटीत कवड्यासारखे साप राहतात. कवड्या बिनविषारी आहे, पण त्याच्यात आणि मण्यारमध्ये अंधुक उजेडात फरक करायला जाऊ नये. आम्ही एक दिवस टाकी उघडी ठेवली, दांड्यानं भिंतींवर ठोकलं आणि मगच कामाला लागलो.

थरांमध्ये वाचलेलं

डावा कप्पा खणताना मी प्रत्येक घमेलं वेगळ्या पोत्यावर ओतायला लावलं. माळीदादांना आधी हे उगाचच वाटलं. पण अर्ध्या तासात दोघंही पोत्यांसमोर उकिडवे बसून बघत होतो.

वरचा नऊ-दहा इंचांचा थर काळा, चिकट, गाऱ्यासारखा होता. फावड्याला चिकटून यायचा आणि नाकाला आंबूस वास यायचा. त्यात अंड्यांची टरफलं, आंब्याच्या कोयी, लिंबाच्या साली, नारळाच्या शेंड्या, आणि तांदळाएवढ्या नव्हे तर बोटाच्या पेराएवढ्या रिकाम्या, तपकिरी कोशांचा खच. पान एकही नाही.

त्याखाली चित्रच पालटलं. दीड फूटभर भुसभुशीत, चहाच्या पावडरीसारखं खत. पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास. आणि प्रत्येक मुठीत जाड, कडक मधल्या शिरा, काही तळहातापेक्षा लांब. त्या देशी बदामाच्या पानांच्या होत्या. हे पान मोठं असतं आणि त्याची मधली शीर सगळ्यात शेवटी कुजते. मी मान वर करून अंगणभर पाहिलं. बदाम कुठेच नव्हता. कुंपणाच्या भिंतीपाशी जमिनीलगत कापलेला एक बुंधा मात्र होता, दोन हातांच्या कवेत येईल एवढा.

त्या संध्याकाळी मी आधीच्या मालकीणबाईंना फोन केला. काका जाऊन चार वर्षं झाली होती, काकू आता मुलीकडे राहतात. मी विचारलं, "काकू, मागे बदामाचं झाड होतं का?"

"होतं की गं. केवढा मोठा होता. एका पावसाळ्यात शेजारच्यांच्या भिंतीवर कलला, म्हणून परवानगी काढून तोडावा लागला. ह्यांना फार लागलं ते."

"आणि टाकीला वास कधीपासून यायला लागला?"

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याच्यानंतरच. वास, अळ्या. शेजारी बोलायला लागले. ह्यांना वाटायचं गांडुळं मेली म्हणून होतंय, दोनदा नवीन आणून सोडली. मग तब्येतीनं ते होईना. अगं, म्हणजे ते झाडामुळे होतं का?"

होय, झाडामुळेच होतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर, कर्ब (कार्बन) कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण एक भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कर्ब लागतो. भाजीच्या कचऱ्यात तो १५-२० च्या आसपास असतो, वाळलेल्या पानांत ५० च्या मागेपुढे. पानं कमी पडणारा कर्ब देतात, पाणी शोषतात आणि कचऱ्याच्या थरांत हवेला वाट ठेवतात. बदाम तर बहुधा वर्षातून दोनदा पानं गाळतो. काकांना पालापाचोळा कधी बाहेरून आणावाच लागला नव्हता. झाड स्वतःच टाकीशेजारी तो टाकत होतं. झाड गेलं आणि टाकीचा निम्मा खुराक गेला, पण रोजची भाजीची बादली तशीच येत राहिली. हवा संपली, कचरा सडू लागला. अशा गाऱ्यात गांडूळ जगत नाही, कितीही वेळा आणून सोडलं तरी.

अळ्यांनाही काकूंच्या घरात फुकट बोल लागला. ते रिकामे कोश काळ्या सैनिक माशीचे होते. ही माशी घरात घोंघावत नाही, चावत नाही, अन्नावर बसत नाही. तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्यानं खातात. त्या खूप झाल्या याचा अर्थ एवढाच की कचरा फार ओला आहे. मूठभर वाळकी पानं रोज पडली असती तर त्या आपोआप कमी झाल्या असत्या. हे कुणी काकांना वेळेवर सांगायला हवं होतं, असं मला त्या दिवसापासून वाटत आलं आहे.

आणखी एक पाहुणा होता : खालच्या थरात इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या जाड अळ्या, तीस-चाळीस तरी. माळीदादा "हुमणी!" म्हणून ठेचायलाच निघाले. त्यांची भीती खरी आहे, हुमणी मुळं खाऊन ऊस झोपवते. पण ओळखायची सोपी युक्ती आहे. अळी सपाट फरशीवर ठेवायची. पाठीवर उलटी होऊन, पाय वर करून सरकत गेली तर ती फुलभुंग्याची. ती कुजलेला पालाच खाते, खताला मदतच करते. हुमणी अशी पाठीवर चालत नाही. आमच्या सगळ्या पाठीवर चालल्या, तीन सोडून. त्या तीन अंगठ्याएवढ्या जाड होत्या, गेंडा भुंग्याच्या असाव्यात असं वाटलं. अंगणात दोन नारळ आहेत आणि हा भुंगा नारळाचा कोंब पोखरतो, म्हणून त्या काढून टाकल्या. भिंतीवर भारद्वाज बसलाच होता.

तीन साधनं, तीन निर्णय

ड्रमचा निर्णय लवकर झाला. त्याच्या अंगावरचं लेबल खरवडलेलं होतं, कोपऱ्यात धोक्याच्या खुणेचा अर्धा भाग उरला होता. असे निळे ड्रम रसायनांच्या कारखान्यांतून भंगारात येतात आणि स्वस्त मिळतात. वास गेला म्हणजे रसायन गेलं असं मानून खायच्या भाजीला तिथलं खत घालणं मला पटत नाही. शिवाय आत माती कमी आणि इतर माल जास्त : पेन्सिल सेल, औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, काच. या ड्रमात घरातल्या कुणीतरी उरलासुरला केर टाकला होता. सेल ई-कचऱ्यात दिले, माती चाळून बोगनवेलीखाली पसरली, ड्रम भंगारात. त्याला आधीच भोकं होती, तेव्हा कुणी त्यात पिण्याचं पाणी भरेल ही धास्तीही नव्हती.

कुंड्या ठीक होत्या. वरच्या दोन कुंड्यांच्या तळाला विणलेली दोरी कुजली होती, एका झाकणाचा टवका उडाला होता. घासून धुतल्या, आठवडाभर कडक उन्हात ठेवल्या, काथ्याची नवी दोरी विणली.

टाकीतून डाव्या कप्प्याची ३२ घमेली निघाली. वरच्या चिकट थराची ११ आणि खालच्या चांगल्या खताची २१. सगळं चाळलं. चाळणीवर काय काय उरतं ते बघण्यासारखं असतं : दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, गजऱ्यांचे दोरे, उदबत्तीच्या काड्या, सफरचंदावरचे स्टिकर. दुधाच्या पिशवीचा कोपरा हा आपल्याकडच्या खतातला सगळ्यात चिवट शत्रू आहे. पिशवी कापताना तो पूर्ण तोडायचा नाही, पिशवीलाच लटकत ठेवायचा. तेव्हापासून आमच्या घरात हा कायदा आहे.

सासूबाईंच्या गुलाबांना खत द्यायच्या आधी मेथीची परीक्षा घेतली. तीन कुंड्या. एकीत नुसती बागेतली माती, दुसरीत माती आणि खालच्या थरातलं खत निम्मंनिम्मं, तिसरीत माती आणि चिकट थर निम्मानिम्मा. प्रत्येकीत २० दाणे. आठ दिवसांत पहिल्या कुंडीत १७ उगवले, दुसरीत १८, तिसरीत ६, आणि त्या सहांच्याही कडा करपलेल्या. चिकट थर म्हणजे अजून पुरतं न कुजलेलं, शिवाय उष्ट्याखरकट्यातल्या मिठानं खारावलेलं. तो तसाच गुलाबांना गेला असता तर सोन्यानंच झाडं जाळली असती. सासूबाईंनी कुंड्या स्वतः पाहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं थांबवलंस."

चांगल्या खतालाही एक मर्यादा होती. दुसऱ्या कुंडीतली मेथी उत्तम उगवली, पण तीन आठवड्यांनी तिची पानं फिकट पिवळी पडू लागली. चार पावसाळे तडकलेल्या पत्र्यातून पाणी झिरपून नत्र बरंचसं वाहून गेलं होतं. जुनं खत माती भुसभुशीत करतं, पाणी धरून ठेवतं, पण पोट भरत नाही. ते मातीसारखं वापरायचं आणि त्यात शेणखत, निंबोळी पेंड घालायची.

आणि तणाचं बी. परसातली टाकी एवढी तापत नाही की गाजरगवताचं बी मरेल. म्हणून मार्चमध्ये २१ घमेल्यांचं खत अंगणात चार बोटं जाडीत पसरलं, पाणी मारलं आणि वाट पाहिली. दहा दिवसांत हिरवं झालं : गाजरगवत, टोमॅटो, पपई, भोपळा. उपटलं, पुन्हा पाणी, पुन्हा उपटलं. मग एप्रिल-मे पारदर्शक प्लास्टिकनं झाकून उन्हात तापवलं. काही टोमॅटो मात्र सासूबाईंनी उपटू दिले नाहीत.

जूनमधली चूक

टाकीच्या दुरुस्तीत उंबराचा कोपरा आधी आला. माळीदादा उंबर तोडायला तयार नव्हते, आणि मलाही तोडायचा नव्हता. चार-पाच विटा सोडवून रोप मुळांसकट काढलं आणि कुंपणापासून लांब लावलं. त्या कोपऱ्याची भिंत पुन्हा बांधताना मी फटी ठेवायला सांगितल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी रुजवलेल्या नाडेप टाकीत अशाच फटी असतात, हवा आत खेळावी म्हणून. तळातली निचऱ्याची दोन इंची नळी उंबराच्या मुळांनी गच्च भरली होती, तीही मोकळी केली. निचरा तुंबल्यामुळे काकांची अडचण दुप्पट झाली असणार.

जूनमध्ये अर्धा किलो गांडुळं आणून उजव्या कप्प्यात सोडली. पालापाचोळा साठवायला जाळी बांधली होती, सगळं शास्त्रशुद्ध होतं. जुलैच्या पहिल्या सलग पावसात सकाळी झाकण काढलं तर आत वीतभर पाणी. गांडुळं भिंतींवर चढून चरीत पडलेली, बहुतेक मेलेली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. नळी मी मोकळी केली, पण तिचं तोंड बाहेर कुठे निघतं हे पाहिलंच नव्हतं. ते कुंपणाच्या कोपऱ्यात, अंगणाच्या सगळ्यात खोल भागात उघडत होतं. तिथलं साठलेलं पावसाचं पाणी नळीतून उलटं टाकीत शिरलं. नळी साफ आहे की नाही हे पाहण्याइतकंच ती उताराला आहे की नाही हे पाहायला हवं. दोन बादल्या पाणी ओतलं असतं तरी मे महिन्यातच कळलं असतं.

ऑगस्टमध्ये कप्पा रिकामा करून तळाशी विटांचे तुकडे आणि त्यावर चार इंच खडी घातली, म्हणजे खताची पातळी बाहेरच्या पाण्यापेक्षा वर आली. नळीचं तोंड वळवून केळीच्या आळ्यात सोडलं. वर उताराचं पन्हाळी पत्र्याचं झाकण, भिंतीच्या दोन इंच वर टेकवलेलं, हवा जाईल असं. गांडुळं या वेळी विकत आणली नाहीत. ओळखीच्या एका घरच्या टाकीतून दोन ओंजळी घेतल्या, त्यांच्याच खतासकट. ती आफ्रिकन जातीची, युड्रिलस, होती. पुण्याच्या उन्हाळ्यात ही जात लाल आयसेनियापेक्षा मला जास्त टिकाऊ वाटली आहे.

पानांचा प्रश्न

सगळ्यात महत्त्वाचं काम टाकीच्या बाहेर होतं. बदाम परत येणार नव्हता, आणि पानांशिवाय टाकी चालणार नव्हती. तीन फूट व्यासाची गोल तारेची जाळी उभी केली. डिसेंबर ते मार्च आमच्या गल्लीत शिरीष, बदाम, पिंपळ पानं गाळतात. ती झाडून पेटवली जायची, आता झाडणाऱ्या मावशी पोती भरून आमच्या फाटकाशी ठेवतात आणि आम्ही त्यांना चहापाणी करतो. पुण्यात 'ब्राउन लीफ' ही चळवळ पानं असलेल्यांची आणि पानं हवी असलेल्यांची गाठ घालून देते, त्यामुळे जिथे मावशींची ओळख नाही तिथेही पानं मिळू शकतात. पावसाळ्याला पुरतील एवढी पानं मेअखेर कोरडी साठवलेली हवीत. जुलैमध्ये ओली पानं गोळा करून उपयोग नसतो.

आमच्या चार माणसांच्या घरात रोज पाऊण किलोच्या आसपास ओला कचरा निघतो. एक डबा कचऱ्यावर दोन डबे चुरलेली पानं, पावसाळ्यात तीन. मूठ दाबून पाहायची : हाताला ओल लागावी, पाणी टपकू नये. काकांच्या ११ घमेली चिकट मालाचं काय करायचं, हा प्रश्न होता. तो पातळ पसरून सुकवला आणि दर आठवड्याला एकेक घमेलं पानांबरोबर नव्या कप्प्यात मिसळला. सात महिन्यांत सगळा मुरून गेला. मातीच्या कुंड्या सासूबाईंच्या ताब्यात आहेत, निर्माल्य फक्त त्यांतच जातं, आधी दोरे काढून.

कोशांचा खच या वेळी दिसला नाही. काळ्या सैनिक माशीच्या अळ्या ऑगस्ट-सप्टेंबरात थोड्या आल्या, पानं वाढवली तशा गेल्या. फेब्रुवारीत कप्प्याच्या तळाशी हात घातला तेव्हा बोटांना गांडुळं लागली आणि शिरीषाच्या बारीक काड्या. मेथीची परीक्षा पुन्हा घेतली : २० पैकी १९, आणि तीन आठवड्यांनीही पानं हिरवीगार. करसवलतीचा अर्जही त्यानंतरच केला.

गेल्या महिन्यात काकू मुलीबरोबर येऊन गेल्या. काठीवर रेलून त्यांनी झाकण उचलायला लावलं, वाकून वास घेतला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. जाताना त्यांना काकांच्या खालच्या थरातलं पिशवीभर खत दिलं, बाल्कनीतल्या तुळशीसाठी. त्यातल्या पानांच्या शिरा मी मुद्दाम चाळून काढल्या नव्हत्या.

डावा कप्पा सध्या रिकामा आहे. उजवा भरायला आमच्या कचऱ्याच्या मानानं वर्षाहून जास्त लागेल. तो भरला की मधल्या भिंतीच्या फटींतून गांडुळं आपणहून इकडे येतील, तोवर तिथे पानांची पोती ठेवली आहेत.